गूढविद्याविषयक ग्रंथ आणि प्रकाशकाची निवड : सोलापूरच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

जादूटोणा, तंत्रमंत्र, शकुन, करणी, भानामती, चेटूक इत्यादी विषयांवरील ग्रंथांचा विचार मराठीत प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला आहे. एक अंग श्रद्धेचे व दुसरे खंडनाचे. या दोन्ही अंगांनी होणाऱ्या चर्चेत ग्रंथाचा आशय केंद्रस्थानी असतो. तो ग्रंथ कोणी प्रसिद्ध केला, कोणत्या स्वरूपात केला आणि का केला, या प्रश्नांकडे सहसा लक्ष दिले जात नाही. वास्तविक या विषयापुरते बोलायचे झाल्यास प्रकाशक हा ग्रंथाच्या अर्थाचाच एक घटक ठरतो. एखाद्या मंत्राचा तोच पाठ संशोधनमालेत आला तर तो पुरावा असतो, पोथीत आला तर उपासनेचे साधन असते आणि जत्रेतील पुस्तिकेत आला तर तो तोडगा बनतो. अक्षरे तीच राहतात, वाचकाचे त्यांच्याशी असलेले नाते मात्र पालटते.

प्रस्तुत लेखात गूढविद्याविषयक लेखनासाठी प्रकाशकाची निवड कोणत्या निकषांवर व्हावी, याचा विचार केला आहे. हा प्रश्न जसा लेखकाचा आहे तसाच महाविद्यालयीन ग्रंथालयासाठी खरेदीची यादी करणाऱ्या प्राध्यापकाचाही आहे. सोलापूर हे या चर्चेसाठी विशेष सोयीचे ठिकाण आहे. मराठी, कन्नड व तेलुगू या तीन भाषांच्या संगमावरील या जिल्ह्यात पंढरपूर व अक्कलकोट ही तीर्थक्षेत्रे आहेत, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आहे आणि या क्षेत्रांच्या आश्रयाने वाढलेला धार्मिक पुस्तकांचा मोठा व्यवहार आहे. याच शहरातून या विषयाला स्पर्श करणारे दर्जेदार संशोधनही प्रसिद्ध झालेले आहे, ही गोष्ट मात्र शहरातील अनेक अभ्यासकांच्याही नजरेतून निसटते.

१. संज्ञेचा व वर्गीकरणाचा प्रश्न

मराठीतील ‘जादू’ हा शब्द किमान तीन अर्थांनी वापरला जातो. रंगमंचावरील हातचलाखी हा पहिला अर्थ. पुण्याचे जादूगार रघुवीर (रघुवीर भोपळे) यांच्यासारख्या कलावंतांनी ज्या कलेला प्रतिष्ठा मिळवून दिली ती ही कला. यात प्रेक्षक फसतो, पण आपण फसत आहोत हे त्याला ठाऊक असते. दुसरा अर्थ जादूटोण्याचा, म्हणजे मंत्र, वस्तू वा विधी यांच्याद्वारे इष्ट किंवा अनिष्ट घडवून आणण्याच्या दाव्याचा. तिसरा अर्थ तंत्रशास्त्राचा. त्याला स्वतंत्र तत्त्वज्ञान आणि ग्रंथपरंपरा आहे, आणि त्याला सरसकट ‘जादू’ म्हणणे अन्यायाचे होईल.

ड्युई दशांश वर्गीकरणात या अर्थांना वेगवेगळ्या जागा आहेत. हातचलाखीचे ग्रंथ ७९३.८ येथे जातात, गूढविद्या व परामानसशास्त्र १३३ येथे, लोकसाहित्य ३९८ येथे व हिंदू धर्म २९४.५ येथे. कागदावर ही विभागणी स्पष्ट दिसते. प्रत्यक्षात मात्र ग्रंथपाल पुष्कळदा शीर्षकावर विसंबून वर्गांक देतो. ‘मंत्र’ हा शब्द शीर्षकात असला की देवऋषींच्या परंपरेवरील क्षेत्रीय अभ्यास, एखादी पोथी आणि वशीकरणाची पुस्तिका एकाच फळीवर येऊन बसतात. मग विद्यार्थ्याला तिन्ही सारख्याच वजनाची वाटतात. अशा वेळी त्याला फरक दाखवणारी पहिली खूण म्हणजे शीर्षकपृष्ठाच्या तळाशी छापलेले प्रकाशकाचे नाव होय.

२. सोलापूरचे एक विस्मृत उदाहरण

सोलापूरचे व्यापारी ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ मध्ये नाशिकजवळील गजपंथ येथे विद्वानांना एकत्र बोलावले आणि त्यातून जैन संस्कृति संरक्षक संघाची स्थापना झाली. आरंभी त्यांनी ३०,००० रुपयांचे दान दिले व १९४४ मध्ये आपली सुमारे दोन लाखांची सर्व संपत्ती न्यासाच्या रूपाने संघास अर्पण केली. या संघाच्या वतीने सोलापुरातून जीवराज जैन ग्रंथमाला प्रसिद्ध होऊ लागली. तिचे संपादन कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापन करणारे डॉ. आ. ने. उपाध्ये व डॉ. हिरालाल जैन यांच्याकडे होते. एका महाविद्यालयीन प्राध्यापकाने अध्यापन सांभाळून हे कार्य केले, याची येथे नोंद घ्यावयास हवी.

याच मालेत १९४९ मध्ये कृष्णकांत हांडिकी यांचा ‘यशस्तिलक अँड इंडियन कल्चर’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. सोमदेवसूरीने राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळात, इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलकचंपू’चा हा सांस्कृतिक अभ्यास आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड; ते सोलापूरला लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यात येते. तेव्हा हा ग्रंथ सोलापुरातून प्रसिद्ध व्हावा यात एक भौगोलिक औचित्यही होते.

यशस्तिलकाची कथाच मुळी एका अघोरी विधीने सुरू होते. वीरभैरव नावाचा कौल आचार्य मारिदत्त राजाला सांगतो की, चंडमारी देवतेपुढे प्रत्येक प्राणिजातीची एकेक जोडी व त्यासोबत एक मानवी जोडी बळी दिल्यास विद्याधरांचा लोक जिंकून देणारे खड्ग त्याला प्राप्त होईल. बळीसाठी आणलेले दोन तरुण साधक आपल्या पूर्वजन्मांची कथा सांगतात आणि ती ऐकून राजा या मार्गापासून परावृत्त होतो. नरबळी, सिद्धी, शस्त्रप्राप्ती, गुरूची भूल असे जादूटोण्याच्या वाङ्मयातील सगळे घटक येथे आहेत. तथापि सोमदेवाने त्यांना कथेच्या चौकटीत असे बसवले आहे की, विधीचे वर्णन हेच त्याचे खंडन ठरते.

हांडिकींनी या चौकटीला दुसरी चौकट दिली. कौल, कापालिक इत्यादी पंथांची माहिती त्यांनी अन्य संस्कृत व प्राकृत साधनांशी ताडून पाहिली. सोमदेव हा जैन असल्याने विरोधी पंथांविषयीची त्याची विधाने तपासून घ्यावी लागतात, याचे भान त्यांच्या विवेचनात आढळते. हांडिकी स्वतः आसामचे, आणि १९४८ मध्ये स्थापन झालेल्या गुवाहाटी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. मराठी लोककथांत ‘कामरूप देश’ हा जादूटोण्याचे माहेरघर म्हणून येतो. त्याच प्रदेशातील विद्वानाने लिहिलेला आणि अघोरी पंथांची शांतपणे छाननी करणारा ग्रंथ सोलापूरच्या एका धार्मिक संस्थेने छापला, हा योगायोग बोलका आहे.

याच मालेत १९५७ मध्ये पां. भी. देसाई यांचा दक्षिण भारतातील जैन धर्म व कोरीव लेख यांवरील ग्रंथ आला. त्यात यक्षीपूजेचा व ज्वालामालिनीसारख्या देवतांच्या मांत्रिक उपासनेचा मागोवा शिलालेखांच्या आधारे घेतला आहे. जैन धर्माच्या संवर्धनासाठी निघालेल्या संस्थेला आपल्याच परंपरेतील मंत्रतंत्राचा हा इतिहास झाकून ठेवणे अशक्य नव्हते. तिने तो छापला. प्रकाशक श्रद्धावान आहे की नाही, हा निकष त्यामुळे निरुपयोगी ठरतो. त्या प्रकाशकाने संपादकाला पुराव्याच्या मागे जाऊ दिले का, हा प्रश्न खरा आहे.

३. बडोदे व लंडन : दोन तुलना

सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यातून निघालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत बिनयतोष भट्टाचार्य यांनी संपादिलेली ‘साधनमाला’ १९२५ व १९२८ अशी दोन खंडांत प्रसिद्ध झाली. वज्रयान बौद्धांच्या ३१२ साधनांचा हा संग्रह होय. देवताध्यानाबरोबर वशीकरणादी प्रयोगही त्यात येतात. भट्टाचार्य यांचे तंत्रमार्गाविषयीचे मत अनुकूल नव्हते. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बौद्ध गूढविद्येवरील आपल्या ग्रंथात त्यांनी त्यावर अत्यंत कठोर टीका केली आहे. असे असूनही संहिता सिद्ध करताना त्यांनी हस्तलिखितांशी इमान राखले. नापसंतीचे स्थान प्रस्तावना व स्वतंत्र विवेचन हे असते, आणि संहितेत तिला जागा नसते, हा संपादनाचा धडा या उदाहरणातून मिळतो. राज्याश्रयाने चालणाऱ्या मालेला विक्रीची चिंता नव्हती, ही गोष्टही त्या प्रामाणिकपणाला साहाय्यभूत झाली असावी.

दुसरे उदाहरण कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर जॉन वुड्रॉफ यांचे. ‘आर्थर ॲव्हलॉन’ या टोपणनावाने त्यांनी १९१३ पासून तांत्रिक ग्रंथांची माला सुरू केली आणि त्याच वर्षी ‘महानिर्वाणतंत्रा’चा इंग्रजी अनुवाद लंडनच्या ल्युझॅक या प्राच्यविद्येच्या ग्रंथांसाठी प्रसिद्ध असलेल्या प्रकाशकाकडून काढला. त्याच लंडनमध्ये विल्यम रायडर ही गूढविद्येच्या ग्रंथांची ख्यातनाम प्रकाशनसंस्था होती. तिने १९०९ मध्ये ए. ई. वेट व पामेला कोलमन स्मिथ यांचा टॅरो पत्त्यांचा संच बाजारात आणला होता. वुड्रॉफ यांचा ग्रंथ या दुसऱ्या वाटेने गेला असता तर त्याची गणना गूढविद्येच्या छंदी वाचकांच्या पुस्तकांत झाली असती. ल्युझॅकच्या नावाने तो प्राच्यविद्येच्या अभ्यासकांच्या मेजावर गेला. पुढे मद्रासच्या गणेश आणि कंपनीने वुड्रॉफ यांचे ग्रंथ पुन्हा पुन्हा छापले तेव्हा त्यांना भारतीय साधकांचा वाचकवर्ग लाभला. एकाच लेखकाचे तेच ग्रंथ प्रकाशक बदलताच वेगळ्या समाजात वावरू लागतात, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

४. पोथी आणि पुस्तिका

मराठी समाजात गूढविद्येचे वाङ्मय ज्या मार्गाने पोहोचले तो मार्ग संशोधनमालांचा नाही, हे मान्य करावे लागते. तो मार्ग पोथीचा आहे. मालू नरहरी याने शके १७४१ मध्ये पूर्ण केलेला ‘नवनाथ भक्तिसार’ हा ४० अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ शाबरी विद्येचा मराठीतील सर्वपरिचित आधार होय. मच्छिंद्र, गोरक्ष, जालिंदर इत्यादी नाथांच्या कथा, अस्त्रविद्येचे प्रसंग, देवतांशी झालेली युद्धे आणि अखेरच्या अध्यायात प्रत्येक अध्यायाच्या पठणाचे सांगितलेले फल, अशी त्याची रचना आहे. घरोघरी श्रावणात या ग्रंथाचे पारायण होते. त्याच्या प्रकाशकांनी तो स्वस्तात, ठसठशीत टाइपात व सातत्याने उपलब्ध ठेवला. पंढरपूरच्या मंदिर परिसरातील दुकानांत तो केव्हाही मिळतो. संशोधनपर आवृत्ती एकदा संपली की वर्षानुवर्षे दुर्मीळ राहते. या तुलनेत पोथीच्या प्रकाशकांचे हे कार्य दुर्लक्षिण्यासारखे नाही.

पोथीतील मंत्रविद्या कथेच्या अंगाने येते. तेथे विद्येचा गर्व झालेल्याला शासन घडते, गुरूच्या आज्ञेविना केलेला प्रयोग उलटतो, आणि सामर्थ्याचे अखेरचे मोल वैराग्याच्या मापाने ठरते. जत्रेतील मंत्रपुस्तिका मात्र या कथेतून मंत्र सुटा काढते. शत्रुनाश, वशीकरण, धनप्राप्ती अशा शीर्षकांखाली मंत्र व कृती यांची यादी दिली जाते. पाठ कोणत्या हस्तलिखितातला, संग्राहक कोण, आवृत्ती कितवी, याचा पुष्कळदा पत्ता नसतो. मंत्र कथेपासून तोडणे ही कृती लेखकाची नाही, ती प्रकाशकाची आहे. यशस्तिलकातून वीरभैरवाचा विधी तेवढा उचलून वेगळा छापला तर तो नरबळीची शिफारस ठरेल, आणि संपूर्ण काव्य वाचले तर नरबळीचा धिक्कार. या वाङ्मयातील अपाय कोठून सुरू होतो, हे यावरून ध्यानात येते. अपायाचे मूळ विषयापेक्षा विषयाच्या संदर्भभंगात आहे.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. पुस्तिका घेणारा गरजू माणूस आजाराने, कर्जाने किंवा कौटुंबिक विवंचनेने ग्रासलेला असतो. त्याला चिकित्सक आवृत्तीचा काय उपयोग, असे कोणी म्हणेल. आक्षेपात तथ्य आहे. परंतु नेमक्या याच कारणास्तव प्रकाशकाची जबाबदारी वाढते. ज्या वाचकापाशी पडताळणीची साधने नाहीत, त्याच्यापुढे ठेवलेल्या मजकुरावर नाव व पत्ता तरी असावा, ही किमान अपेक्षा होय.

या संदर्भात सोलापूरच्याच दाते पंचांगाचे उदाहरण उद्बोधक आहे. लक्ष्मण गोपाळ तथा नानाशास्त्री दाते यांनी शके १८३८ च्या सुमारास सुरू केलेले हे पंचांग जादूटोण्याच्या कक्षेत येत नाही, व फलज्योतिषाविषयी अभ्यासकांचे मत काहीही असो, त्यातील गणिताची जबाबदारी पंचांगकर्ता स्वतःच्या नावाने घेतो. ग्रहण सांगितलेल्या वेळी लागले की नाही, हे कोणालाही आकाशाकडे पाहून ठरवता येते. निनावी मंत्रपुस्तिकेत अशी पडताळणीची सोय नसते व चूक निघाल्यास विचारण्यासाठी माणूसही नसतो.

५. खंडनपर वाङ्मयाचे प्रकाशक

जादूटोण्याच्या दाव्यांचे खंडन करणारे वाङ्मय चळवळीतून जन्मास आले. चळवळीच्या पुस्तिका स्वल्प किमतीत कार्यकर्त्यांमार्फत विकल्या जातात. त्यांचा प्रसार झपाट्याने होतो, मात्र त्या बहुधा आधीच सहमत असलेल्या वाचकाच्या हाती पडतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे ‘तिमिरातुनी तेजाकडे’ हे पुस्तक पुण्याच्या राजहंस प्रकाशनाने काढले. कथा, कादंबरी, चरित्रे यांच्या वाचकांपर्यंत पोहोचणाऱ्या संस्थेच्या नावाने ते आल्यामुळे चळवळीशी संबंध नसलेल्या वाचकानेही ते विकत घेतले असणार. चळवळीच्या लेखकाने चळवळीबाहेरचा प्रकाशक निवडणे, ही येथे वैचारिक कृती ठरते.

खंडनपर वाङ्मयालाही मर्यादा आहेत. चमत्कारामागील हातचलाखी उघड करून दाखवणे हे त्याचे बलस्थान. परंतु भानामतीच्या एखाद्या प्रकरणात घरातील कोणाचे दुःख अशा रीतीने व्यक्त होत होते, देवऋषीकडे जाणारी स्त्री तेथे कोणते बोलणे बोलू शकते जे तिला घरी बोलता येत नाही, हे प्रश्न युक्ती उघड झाल्यावरही शिल्लक राहतात. त्यांची उत्तरे लोकसाहित्य, समाजशास्त्र व मानसशास्त्र यांच्या अभ्यासातून मिळतात. डॉ. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकाने नाथ संप्रदाय, लज्जागौरी, खंडोबा असे विषय हाताळताना श्रद्धेची टवाळी केली नाही आणि श्रद्धेपुढे चिकित्साही सोडली नाही. पंढरपूरच्या दैवताचा शोध घेणारा त्यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ १९८४ मध्ये पुण्याच्या श्रीविद्या प्रकाशनाने काढला, पुढे पद्मगंधा प्रकाशनाने त्याची आवृत्ती काढली आणि २०११ मध्ये ॲन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून आला. मराठी प्रकाशकाने संदर्भ व टीपांसह ग्रंथ छापण्याचा खर्च सोसला नसता तर पुढचा प्रवास घडला नसता.

६. कायद्याची बाजू

ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर अध्यादेशाच्या रूपाने आलेला व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने संमत केलेला महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा या विषयावरील प्रत्येक लेखकाने व प्रकाशकाने वाचावयास हवा. त्यात ‘प्रचार’ या संज्ञेच्या व्याख्येत नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांविषयीची जाहिरात, साहित्य, लेख वा पुस्तक प्रसिद्ध करणे याचा समावेश केलेला आहे. अपराधासाठी ६ महिने ते ७ वर्षे कारावास व ५,००० ते ५०,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. दुसरीकडे, प्राचीन व पारंपरिक विद्या व कला यांचे शिक्षण आणि प्रसार, तसेच दिवंगत संतांच्या चमत्कारांविषयीचे कथन यांना कायद्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे.

व्याख्येची शब्दयोजना व्यापक आहे. एखाद्या प्रथेची शिफारस करणारे पुस्तक आणि त्या प्रथेचे वर्णन करणारे पुस्तक यांतील भेद केवळ विषयावरून ओळखता येत नाही. तो ओळखला जातो प्रस्तावनेवरून, टीपांवरून आणि मांडणीच्या हेतूवरून. सबब चिकित्सक सामग्री ही विद्वत्तेची हौस राहत नाही. आपण वर्णन करीत आहोत, प्रचार करीत नाही, याचा तो छापील पुरावाच असतो. जो प्रकाशक पाने वाचवण्यासाठी टीपा व परिशिष्टे गाळावयास सांगतो, तो या विषयावरील लेखकाचे संरक्षणच काढून घेतो.

१९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदाही येथे लागू पडतो. ताईत, मंत्र, कवच यांचा ‘जादुई उपाय’ या संज्ञेत स्पष्ट समावेश असून रोगनिवारणाचा दावा करणाऱ्या त्यांच्या जाहिरातींवर या कायद्याने निर्बंध घातला आहे. पुस्तकाच्या अखेरच्या पानांवर यंत्र, ताईत यांच्या जाहिराती छापणारा प्रकाशक आपल्या व्यवसायाचे स्वरूप स्वतःच उघड करतो.

मुद्रक व प्रकाशक यांचे नाव आणि ठिकाण पुस्तकावर छापण्याचे बंधन १८६७ च्या कायद्याने घातले होते. त्याची जागा घेणारा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलात आला आणि तो केवळ नियतकालिकांपुरता आहे. पुस्तकांच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालय व अन्य निर्दिष्ट ग्रंथालयांना देण्याची १९५४ च्या कायद्यातील तरतूद स्वतंत्र आहे. जुन्या कायद्याचा आधार गेल्यामुळे निनावी पुस्तिकांचा प्रश्न अधिक बिकट होण्याचा संभव असून प्रकाशकाच्या स्वयंस्फूर्त प्रामाणिकपणाचे महत्त्व वाढले आहे.

७. प्राध्यापक, गुणांक आणि प्रकाशक

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथास १२ व राष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथास १० गुण ठेवले. त्यामुळे प्रबंध पूर्ण होताच आयएसबीएन क्रमांक देणारा प्रकाशक गाठून तो छापून घेण्याची घाई दिसू लागली. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक आहे; त्यावरून संपादन झाले की नाही, तज्ज्ञाने हस्तलिखित वाचले की नाही, हे कळत नाही. लेखकाकडून पैसे घेऊन मजकूर जसाच्या तसा छापणारा प्रकाशकही असा क्रमांक देऊ शकतो.

इतर विषयांत या घाईमुळे फार तर एक सामान्य पुस्तक वाढते. गूढविद्येच्या विषयात परिणाम गंभीर होतात. २००४ मध्ये स्वतंत्र झालेल्या, आणि आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणाऱ्या सोलापूर विद्यापीठाच्या परिसरात लोकसाहित्य व लोकदैवते हे संशोधनाचे स्वाभाविक विषय आहेत. अशा प्रबंधाच्या परिशिष्टात देवऋषींकडून उतरवून घेतलेले मंत्र, उताऱ्यांच्या सामग्रीच्या याद्या व निवेदकांची नावे असतात. संपादकाची नजर न फिरता हे परिशिष्ट छापले गेले तर दोन संभव उद्भवतात. एक, तेच परिशिष्ट सुटे होऊन जत्रेतील पुस्तिकेत शिरते. दोन, गावात जिच्यावर चेटकाचा संशय घेतला जातो अशा एखाद्या स्त्रीचे नाव छापील पुराव्यासारखे कायमचे नोंदले जाते. अशा संशयापायी स्त्रियांना मारहाण झाल्याच्या व गाव सोडावे लागल्याच्या घटना महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. विश्वासाने माहिती देणाऱ्या माणसाला तीच माहिती जाचक ठरावी, ही संशोधनाची सर्वांत मोठी नामुष्की होय. निवेदकांची संमती घेतली का, नावे बदलली का, असे विचारणारा प्रकाशक लेखकाला अडवणारा वाटतो. वस्तुतः तो त्याची लाज राखतो.

८. निवडीचे निकष

उपरोक्त विवेचनाच्या आधारे काही व्यवहार्य निकष सुचवता येतात.

पहिला निकष संदर्भाचा. प्रकाशक मूळ पाठाचे उगमस्थान, हस्तलिखित, निवेदक वा पूर्वावृत्ती यांची नोंद छापतो का, हे पाहावे. दुसरा निकष अखंडतेचा. मंत्र वा विधी त्याच्या कथेसह आणि सामाजिक चौकटीसह येतो, की तोडग्यासारखा सुटा, हे तपासावे. तिसरा निकष नावाचा. लेखक, संपादक व प्रकाशक आपापली जबाबदारी नावानिशी घेतात का, व पत्ता खरा आहे का, याची खात्री करावी. चौथा निकष शेजाराचा. त्या प्रकाशकाची सूची व पुस्तकाची अखेरची पाने पाहावीत. आपला ग्रंथ कोणत्या ग्रंथांच्या पंगतीत बसणार आहे, हे तेथे समजते. पाचवा निकष टिकाऊपणाचा. आवृत्ती संपल्यावर ती पुन्हा निघण्याची शक्यता कितपत आहे, हे लेखकाने आधीच विचारून घ्यावे.

ग्रंथालयासाठी निवड करताना सहावाही एक निकष लावावा लागतो, तो संतुलनाचा. पोथी, खंडन व चिकित्सा या तिन्ही प्रकारचे ग्रंथ संग्रहात असावेत. केवळ खंडनपर पुस्तके ठेवली तर ज्याचे खंडन केले आहे ते काय होते, हे विद्यार्थ्याला कळणार नाही. केवळ पोथ्या ठेवल्या तर प्रश्न विचारण्याची रीत त्याला मिळणार नाही.

समारोप

सोलापूरच्या उदाहरणातून एक खंतही पुढे येते. ज्या शहराच्या ग्रंथमालेने १९४९ मध्ये अघोरी पंथांची इतकी सखोल छाननी असलेला ग्रंथ काढला, त्याच शहराच्या यात्रेत फिरणाऱ्या वाचकापर्यंत त्या ग्रंथातील एकही निष्कर्ष पोहोचू शकला नाही. तो इंग्रजीत होता, जाड होता, अभ्यासकांसाठी होता. एका बाजूला विद्वन्मान्य परंतु दुर्मीळ आवृत्ती आणि दुसऱ्या बाजूला स्वस्त परंतु निनावी पुस्तिका, यांच्या मधली फळी मराठीत बरीचशी रिकामी आहे. मारिदत्ताची कथा सोप्या मराठीत, प्रस्तावना व टीपांसह, जत्रेत परवडेल अशा किमतीत निघाली तर ती कोणत्याही खंडनपर पुस्तिकेइतकीच परिणामकारक ठरेल. त्या कथेतील राजा कोणाच्या धाकाने बदलत नाही. तो गोष्ट शेवटपर्यंत ऐकतो म्हणून बदलतो.

ही मधली फळी भरण्याचे काम विषयाचे ज्ञान, भाषेवर प्रभुत्व आणि गावाशी संबंध असलेल्या महाविद्यालयीन अध्यापकांकडून अपेक्षित आहे. त्यांना संपादन करणारा, प्रश्न विचारणारा आणि आपले नाव पानावर छापणारा प्रकाशक शोधावा लागेल. अशा प्रकाशकामुळे ग्रंथ निघण्यास वर्ष-दोन वर्षे अधिक लागतील. जीवराज दोशी यांनी आपली संपत्ती ज्या कार्यासाठी वाहिली, त्याच्या तुलनेत हा विलंब मोठा म्हणता येणार नाही.